सत्तावीस टक्के की चौसष्ट टक्के?

२०२५ च्या जानेवारीत ‘असर’चा अहवाल प्रसिद्ध झाला. ग्रामीण भारतात तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येते, असं त्यात म्हटलं होतं. त्याच वर्षी जुलैत केंद्र सरकारच्या ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षणा’चे निकाल आले. तिथे तिसरीच्या भाषेपुढे आकडा होता ६४ टक्के. दोन्ही पाहण्यांचं प्रत्यक्ष काम २०२४ च्या उत्तरार्धात झालेलं. देश तोच, इयत्ता तीच, वर्षही तेच.

असे आकडे छापून आले की शिक्षक सभेत मान खाली घालून बसतात, पालक शाळा बदलायचा विचार करू लागतात आणि वरून एखादं नवं परिपत्रक येतं. आकडा नेमकं काय मोजतो, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. चाचणीला जो प्रश्न घातला त्याचंच उत्तर तिचा आकडा देतो. बाकीची उत्तरं आपण त्याच्या तोंडी घालतो, आणि त्याची झळ सहा-आठ वर्षांच्या मुलांना बसते. म्हणून हे गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज: दोन अहवालांचे आकडे जुळत नाहीत, म्हणजे त्यातला एक खोटा

‘असर’ घरी जातं. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून ही पाहणी चालू आहे. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातली ३० गावं निवडायची, गावातली २० घरं निवडायची आणि त्या घरांतल्या ५ ते १६ वयाच्या प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचायला आणि गणित करायला द्यायचं. मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत जात असो, खासगी शाळेत जात असो किंवा शाळा सोडून बसलेलं असो, त्याची पाहणी होते. सगळ्यांना साधन एकच. वाचनासाठी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. गणितासाठी १ ते ९ अंकांची ओळख, दोन अंकी संख्यांची ओळख, हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागाकार. आठवीतल्या मुलापुढेही हाच कागद ठेवला जातो.

‘परख’ शाळेत जातं. ४ डिसेंबर २०२४ रोजी ७८१ जिल्ह्यांतल्या ७४,२२९ शाळांत तिसरी, सहावी आणि नववीच्या २१ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ही चाचणी दिली. शहरी शाळाही त्यात होत्या. प्रश्न त्या त्या टप्प्याच्या अभ्यासक्रमावरचे, पर्यायी उत्तरांचे. त्यामुळे ‘६४ टक्के’ हे मुलांचं प्रमाण नाही. एकूण प्रश्नांपैकी सरासरी इतके प्रश्न बरोबर आले, असा त्याचा अर्थ आहे.

सगळा घोळ इथेच होतो. ‘इतक्या टक्के मुलांना अमुक एक गोष्ट येते’ आणि ‘मुलांनी सरासरी इतके टक्के प्रश्न बरोबर सोडवले’ ही दोन वेगळी विधानं आहेत आणि एकातून दुसरं काढता येत नाही. चार पर्यायांच्या प्रश्नात काहीही न वाचता खूण करणाऱ्या मुलालाही चारांतला एक प्रश्न नशिबानं बरोबर येतो. म्हणजे अशा चाचणीतली सुरुवातच शून्यावरून न होता पंचविसाच्या आसपास होते. ‘असर’मध्ये अंदाजाला जागा नाही. समोर बसलेल्या ताईला गोष्ट वाचून दाखवायची असते, आणि ती एक तर वाचता येते किंवा येत नाही.

आणखी एक फरक वेळेचा आहे. ‘असर’चे स्वयंसेवक बहुतेक ठिकाणी पावसाळा संपता संपता आणि दिवाळीच्या आगेमागे गावात पोचतात. जूनमध्ये तिसरीत गेलेल्या मुलीनं तेव्हा दुसरी संपवून जेमतेम चार-पाच महिने झालेले असतात, आणि तिच्यापुढे दुसरीचा मजकूर असतो. ही अपेक्षा अवाजवी नाही. पण तिसरीचं वर्ष पूर्ण केलेल्या मुलांचं हे मोजमाप नव्हे, एवढं लक्षात ठेवावं.

म्हणून २७ आणि ६४ हे दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. आपापल्या जागी ते चिंता वाटावी असेही आहेत. ‘परख’नंच नोंदवलंय, की तिसरीच्या ५५ टक्के मुलांनाच ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या किंवा उतरत्या क्रमानं लावता आल्या. ‘सरासरी ६० टक्के’ या गणिताच्या आकड्यापेक्षा मला हे एक वाक्य जास्त मोलाचं वाटतं, कारण ते वाचून उद्या वर्गात काय घ्यायचं हे बाईंना कळतं.

गैरसमज: पाचवीतल्या निम्म्या मुलांना वाचता येत नाही

२०२४ च्या ‘असर’मध्ये पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांनी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचली. उरलेल्या ५१ टक्क्यांबद्दल ‘निरक्षर’ हा शब्द सर्रास वापरला जातो. तो चुकीचा आहेच, शिवाय त्या मुलांवर अन्याय करणारा आहे.

चाचणी कशी चालते ते पाहिलं की हे उमगतं. मुलाला आधी परिच्छेद देतात. तो अडखळत का होईना, पण वाक्य म्हणून वाचला आणि तीनपेक्षा जास्त चुका झाल्या नाहीत, तर गोष्ट देतात. परिच्छेद जमला नाही तर शब्दांकडे येतात. पाचांपैकी चार शब्द वाचता आले तर पातळी ‘शब्द’. तेही नाही जमले तर अक्षरं. मुलाला सहज जमणारी सगळ्यात वरची पायरी नोंदवली जाते. त्यामुळे त्या ५१ टक्क्यांत परिच्छेद सरळ वाचून गोष्टीत अडकलेला मुलगा आहे, सुटे शब्द वाचणारी मुलगी आहे आणि अक्षरंही न ओळखणारं मूलही आहे. तिघांची गरज वेगळी. पहिल्याला रोज वाचायला पुस्तक आणि ऐकायला कुणीतरी हवं. चार-सहा आठवड्यांत तो गोष्टीवर येऊ शकतो. शेवटच्यासाठी बाराखडीपासून बसावं लागेल. मथळ्यातली एक टक्केवारी या तिघांना एकाच रांगेत उभं करते.

गणितातही तेच. पाचवीत ३०.७ टक्के मुलांनी भागाकार केला. न केलेल्यांपैकी अनेकांना हातच्याची वजाबाकी येते. ‘असर’च्या अहवालात इयत्तेनुसार पूर्ण तक्ता असतो: किती मुलं कुठल्या पायरीवर. वृत्तपत्रात त्यातला एकच रकाना छापला जातो. ज्याला खरंच काही करायचंय त्यानं सबंध तक्ता पाहावा.

हे साधन बनवण्यामागचा हेतूही तोच होता. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमध्ये ‘प्रथम’चं काम सुरू केलं. मुलांना कुठून शिकवायला घ्यायचं हे कार्यकर्त्याला पाच मिनिटांत कळावं, अशी सोपी तपासणी त्या कामात लागत होती. त्यातूनच पुढे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून शिकवण्याची पद्धत रुजली. हरियाणात २०१२-१३ मध्ये सरकारी शाळांतल्या शिक्षकांनी दिवसातला एक तास अशा गटांसाठी दिला, तेव्हा हिंदी वाचनात मोजता येईल इतकी सुधारणा दिसली. गणितात मात्र दिसली नाही. या पद्धतीवर माझा विश्वास आहे, म्हणून हा दुसरा अर्धा भागही सांगणं मला गरजेचं वाटतं.

गैरसमज: ३२३ म्हणजे ५०० पैकी ३२३ मार्क

‘परख’च्या आधीच्या, २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात तिसरीच्या भाषेचा देशाचा गुणांक ३२३ होता, गणिताचा ३०६. मोजपट्टी ५०० ची. लगेच भागाकार झाला आणि ‘आपल्या मुलांना ६५ टक्के’ असं सांगितलं गेलं. पण हे गुण उत्तरपत्रिकेतल्या मार्कांची बेरीज करून आलेले नसतात. वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळे प्रश्नसंच असतात, काही संच कठीण असतात, काही सोपे. प्रश्नांची काठिण्यपातळी हिशेबात घेऊन सगळ्यांना एका मोजपट्टीवर आणलं जातं. त्या पट्टीवर ३२३ हे एक ठिकाण आहे. ते ३०६ च्या पुढे आहे एवढं कळतं. त्याची टक्केवारी काढण्यात अर्थ नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हाच गैरसमज दुसऱ्या रूपात भेटतो. तिथल्या अनेक प्राथमिक शाळांत ‘मॅप ग्रोथ’ नावाची संगणकावरची चाचणी वर्षातून दोन-तीनदा होते आणि अहवालात ‘पर्सेंटाइल’ येतं. गणितात ६२ पर्सेंटाइल आले की भारतात शिकलेल्या आईबाबांना ते बासष्ट टक्के मार्क वाटतात आणि घरात शिकवणीची चर्चा सुरू होते. ६२ पर्सेंटाइल म्हणजे देशभरातल्या त्याच इयत्तेच्या शंभर मुलांत सुमारे बासष्ट मुलं या मुलाच्या मागे आहेत. पन्नास म्हणजे बरोबर मध्यभागी. ही चाचणी मुलाच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा किंवा कठीण करत जाते, त्यामुळे हुशार मुलाचेही जवळपास निम्मे प्रश्न चुकतात. त्यात ‘किती बरोबर आले’ हा प्रश्नच गैरलागू ठरतो. अहवालात ‘रिट’ नावाचा दुसरा आकडा असतो. तो इयत्तेप्रमाणे बदलत नाही, म्हणून मूल गेल्या वर्षीपेक्षा किती पुढे सरकलं ते त्यावरून कळतं. रिट वाढलाय आणि पर्सेंटाइल घटलंय असंही होतं. मूल शिकलंय, बाकीची मुलं जरा जास्त शिकली, एवढाच त्याचा अर्थ.

तिथल्या राष्ट्रीय चाचणीतला ‘प्रोफिशियंट’ हा शब्दही असाच फसवा आहे. २०२४ मध्ये चौथीच्या वाचनात ३१ टक्के मुलं त्या रेषेवर किंवा वर होती. ‘अमेरिकेतल्या दोन तृतीयांश मुलांना चौथीचं वाचता येत नाही’ असा त्याचा अर्थ लावला जातो. चाचणी घेणारी यंत्रणा मात्र वारंवार सांगते, की ही रेषा म्हणजे इयत्तेची अपेक्षित पातळी नव्हे, ती मुद्दाम त्याहून वर आखलेली आहे. चिंतेचा आकडा दुसरा आहे: ४० टक्के मुलं ‘बेसिक’ या सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली होती.

गैरसमज: आकडा पुन्हा २०१८ इतका झाला, म्हणजे कोविडचं नुकसान भरून निघालं

तिसरीच्या वाचनाचे ‘असर’चे तीन आकडे पाहा. २०१८ मध्ये २७.३, २०२२ मध्ये २०.५, २०२४ मध्ये २७.१. खाली गेलेली रेघ परत वर आली. पण हे मुलांचे तीन वेगवेगळे गट आहेत. २०२४ ला तिसरीत असलेलं मूल पहिलीत गेलं ते साधारण जून २०२२ मध्ये, म्हणजे शाळा उघडल्यावर. शाळा बंद होत्या तेव्हा ते अंगणवाडीच्या वयाचं होतं. त्याची पहिली-दुसरी प्रत्यक्ष वर्गात झाली. त्याच्या निकालावरून दुसऱ्या कुणाचं नुकसान भरून निघाल्याचा दाखला देता येणार नाही.

ज्यांची पहिली बंद शाळेत गेली ती मुलं २०२२ ला तिसरीत होती. त्यांचा आकडा २०.५. तीच मुलं २०२४ ला पाचवीत पोचली आणि पाचवीचा आकडा आहे ४८.८. कोविडच्या आधी, २०१८ मध्ये, पाचवीचा आकडा ५०.५ होता. म्हणजे तिसरीत सातेक टक्क्यांनी मागे असलेली ही पिढी पाचवीत दोनेक टक्क्यांच्या अंतरावर आली. शिक्षकांनी आणि मुलांनी केलेलं हे मोठं काम आहे आणि मथळ्यांत ते कुठेच दिसलं नाही. त्यांच्यापुढची, २०२२ ला पाचवीत असलेली मुलं (तेव्हाचा आकडा ४२.८) आता माध्यमिक शाळेत आहेत. त्यांच्यातल्या वाचता न येणाऱ्यांना इतिहास-विज्ञानाची पुस्तकं कशी झेपत असतील, हे विचारणारा कुणी उरलेला नाही, कारण पायाभूत वाचनाच्या बहुतेक मोहिमा तिसरीपर्यंत थांबतात.

वर्षावर्षांची तुलना करताना आणखी एक अडचण येते. ६ ते १४ वयोगटातल्या मुलांचं सरकारी शाळांतलं प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होतं, २०२२ मध्ये ७२.९ झालं आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ वर आलं. रोजगार बुडाल्यावर, फी परवडेनाशी झाल्यावर पालकांनी मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत आणली आणि परिस्थिती सावरल्यावर त्यातली काही परत नेली. त्यामुळे ‘सरकारी शाळेचा आकडा सुधारला की घसरला’ हे पाहताना वर्गात बसलेली मुलंच बदलली होती, हे विसरून चालणार नाही. तरीही २०२४ मध्ये सरकारी शाळांतल्या तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनी गोष्ट वाचली, आणि ‘असर’ सुरू झाल्यापासूनचा हा त्यांचा सगळ्यात वरचा आकडा आहे.

गैरसमज: खासगी शाळांचे आकडे वर आहेत, म्हणजे तिथे शिकवतात चांगलं

२०२२ मध्ये गोष्ट वाचणारी तिसरीतली मुलं सरकारी शाळांत १६.३ टक्के होती, खासगी शाळांत ३३.१ टक्के. जवळजवळ दुप्पट. हा आकडा दाखवून गावोगावी पालकांना इंग्रजी माध्यमाच्या गाड्यांत मुलं बसवायला सांगितलं जातं.

खासगी शाळेत जाणाऱ्या मुलाची आई बहुधा जास्त शिकलेली असते, घरी छापील मजकूर असतो, बऱ्याचदा शिकवणी असते. शाळेच्या नावावर दाखवलेल्या फरकात या सगळ्याचा वाटा आहे. ‘असर’च्याच अहवालांत विलिमा वाधवा यांनी वेळोवेळी दाखवलंय, की आईवडिलांचं शिक्षण, शिकवणी आणि घरची स्थिती हिशेबात धरली की दोन्ही शाळांमधलं अंतर बरंच कमी होतं.

याहून भक्कम पुरावा आंध्र प्रदेशातला आहे. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी तिथल्या १८० गावांत अभ्यास केला. सरकारी शाळेतल्या मुलांना खासगी शाळेत जाण्यासाठी फीची मदत दिली गेली, आणि ती कुणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. त्यामुळे मदत मिळालेली आणि न मिळालेली मुलं घरच्या परिस्थितीनं सारखीच होती. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक नव्हता. हिंदीत खासगी शाळेतली मुलं पुढे होती, कारण खासगी शाळा हिंदीला तास देत होत्या. खासगी शाळांनी तेलुगू-गणिताला कमी वेळ देऊन आणि बऱ्याच कमी खर्चात तोच निकाल गाठला, ही त्यांच्या बाजूची गोष्टही अभ्यासात नोंदली आहे. पण ‘शाळा बदलली की मूल वाचायला लागेल’ या आशेला त्यातून आधार मिळत नाही. शेतमजुरी करून फी भरणाऱ्या आईबापांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

गैरसमज: आपला जिल्हा पाच टक्क्यांनी घसरला

जिल्ह्यातली ६०० घरं म्हटली की पाहणी मोठी वाटते. पण त्या घरांत तिसरीतली मुलं शंभराच्या आसपासच सापडतात. शंभर मुलांवरून चाळीस टक्के असा आकडा आला तर खरा आकडा तीस ते पन्नास यांच्यात कुठेही असू शकतो. मुलं तीसच गावांतून आलेली असल्यामुळे ही अनिश्चितता आणखी थोडी वाढते. अशा स्थितीत चाळीसाचे पस्तीस झाले म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यांनी केंद्रप्रमुखांना आणि केंद्रप्रमुखांनी गुरुजींना धारेवर धरणं निराधार आहे. राज्याच्या आकड्यामागे हजारो मुलं असतात, म्हणून तो बराच स्थिर असतो. जिल्ह्याच्या आकड्यावर क्रमवारी लावण्याइतका भार टाकू नये.

महाराष्ट्रात तर जिल्ह्या-जिल्ह्यांत भाषाही बदलते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारात भिली आणि पावरी घरी बोलतात. तिथल्या मुलासमोर मराठी गोष्ट ठेवली की एकाच वेळी त्याचं वाचन आणि त्याला नवी असलेली भाषा अशी दोन्हींची परीक्षा होते. अक्षरं जुळवून वाचलेला शब्द आपल्या ओळखीचा निघाला, तरच वाचनाला वेग येतो. त्या मुलानं ‘शब्द’ या पायरीपर्यंत मजल मारली असेल तर साताऱ्यातल्या मराठी घरच्या मुलाशी त्याची तुलना करून त्याला खालचा ठरवणं मला अजिबात मान्य नाही.

गैरसमज: आकड्यावर शाबासकी आणि शिक्षा ठेवली की आकडा सुधारतो

आकडा सुधारतो, हे खरं आहे. मूल तिथेच राहतं.

अभिजीत सिंग यांनी मध्य प्रदेशात केलेली तपासणी प्रत्येक शिक्षण अधिकाऱ्यानं वाचावी. तिथे सरकारी शाळांत वर्षातून ठरलेल्या चाचण्या होत, शिक्षक त्या तपासत आणि गुण वर पाठवत. सिंग यांनी तीच मुलं आणि तेच प्रश्न घेऊन स्वतंत्र निरीक्षकांकरवी पुन्हा चाचणी घेतली. सरकारी नोंदीतले गुण खूप फुगलेले निघाले, आणि सगळ्यात जास्त फुगवटा होता तो मागे पडलेल्या मुलांच्या गुणांत. म्हणजे ज्यांना मदत हवी होती तीच मुलं कागदावरून नाहीशी झाली. आंध्र प्रदेशात टॅबवर आणि बाहेरच्या देखरेखीखाली चाचणी घेतली, तेव्हा हा दोष बराच कमी झाला.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाबद्दलही अशीच शंका नोंदवली गेली आहे. डग जॉन्सन आणि आंद्रेस पराडो यांनी २०२१ मध्ये दाखवलं, की २०१७ च्या त्या सर्वेक्षणातली राज्यांची क्रमवारी आणि घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्यांतली क्रमवारी यांचा जवळजवळ मेळच बसत नाही. त्यामुळे सुरुवातीला म्हटलेलं ‘दोन्ही खरे असू शकतात’ हे विधान दोन्ही चाचण्या प्रामाणिकपणे पार पडल्या असतील, तरच टिकतं.

महाराष्ट्रात २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात पायाभूत चाचण्या आल्या, त्यापाठोपाठ शाळा ‘प्रगत’ झाल्याचं जाहीर करण्याची घाई आली. त्या काळात अनेक गुरुजी-बाईंनी मनापासून काम केलं, रचनावादाचं साहित्य स्वतःच्या खिशातून उभं केलं. पण एकही मूल ‘अप्रगत’ दाखवायचं नाही असा दबाव आला, की जे मूल खरोखर मागे आहे त्याची नोंद करणं हीच शिक्षकाची चूक ठरते. मदतीसाठी घेतलेल्या चाचणीत खरं लिहिणाऱ्या शिक्षकाला संरक्षण मिळालं पाहिजे. शिकवण्यासाठीची चाचणी आणि शाळेची पत ठरवणारी चाचणी या दोन वेगळ्या ठेवल्याशिवाय ते होणार नाही.

गैरसमज: उत्तर चुकलं, म्हणजे येत नाही

दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत भाजी-फळं विकणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. ही मुलं ८०० ग्रॅम बटाटे आणि दीड किलो कांदे अशा प्रकारचे हिशेब तोंडी, बिनचूक करत होती, सुटे पैसे परत देत होती. त्यांच्यापुढे पाठ्यपुस्तकातली वजाबाकी-भागाकार मांडल्यावर बहुतेकांना ते जमले नाहीत. उलट, बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांना पुस्तकातली गणितं जमली आणि बाजारातला साधा हिशेब कोड्यात टाकून गेला. भागाकाराच्या रकान्यात यातल्या पहिल्या मुलांपुढे फुली बसते. ती फुली खोटी नाही, पण त्यांना गणित येत नाही असा तिचा अर्थ काढणारा वर्ग त्यांच्याजवळचं मोठं भांडवल वाया घालवतो.

चुकलेलं उत्तर स्वतःही बोलत असतं. ५२ मधून २७ वजा करायला दिले आणि मुलीनं ३५ लिहिले. गुण शून्य. पण तिनं काय केलं ते पाहा: दोनातून सात जात नाहीत म्हणून तिनं सातातून दोन काढले आणि पाच मांडले, मग पाचातून दोन काढून तीन. तिला एकक-दशक एकाखाली एक मांडता येतं, एक अंकी वजाबाकी पाठ आहे, दोन रकाने वेगळे धरता येतात. तिला फक्त दशक सुटा करता येत नाही. शेजारच्या मुलानं त्याच गणिताचं उत्तर ७९ काढलंय. त्यालाही शून्यच, पण त्यानं वजाबाकीचं चिन्ह न पाहता बेरीज केली. त्याला बहुधा काहीच नव्यानं शिकवावं लागणार नाही. तिसऱ्यानं ८२४ ला ४ ने भागून २६ आणले: आठात चार दोनदा, मग दोनाला चारचा भाग जात नाही म्हणून थेट चोवीस घेतले आणि मधलं शून्य लिहायचं राहिलं. त्याला भागाकाराची रीत येते, स्थानिक किंमत कच्ची आहे.

पालकांनी शाळेत गेल्यावर ‘किती मार्क पडले’ याऐवजी पेपरच पाहायला मागावा, आणि चुकलेल्या गणितापुढे बोट ठेवून ‘हे कसं केलंस, मला सांग’ असं मुलाला विचारावं. रागावण्याच्या सुरात विचारलं तर मूल गप्प बसतं, म्हणून आधी बरोबर आलेलं एखादं गणितही तसंच विचारावं. वाचनासाठी बालभारतीचं दुसरीचं पुस्तक घ्यावं, न शिकवलेल्या धड्याचं पान उघडावं आणि ऐकावं. मूल अक्षर-अक्षर जुळवतंय, शब्द ओळखतंय पण वाक्यात थांबतंय, की भराभर वाचून जातंय आणि गोष्टीत काय झालं विचारलं की सांगता येत नाहीये, हे पाच मिनिटांत कळतं. यातलं तिसरं मूल चाचणीत सगळ्यात वरच्या पायरीवर नोंदलं जातं, म्हणून त्याच्याकडे लक्ष द्यायला घरच्यांनाच सवड काढावी लागते.

आणि ३५ उत्तर काढणाऱ्या त्या मुलीला बाईंनी बावन्न काड्या द्याव्यात. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. त्यातून सत्तावीस काढायला सांगावं. दोन सुट्या काड्यांतून सात देता येत नाहीत हे तिला दिसेल, थोडा वेळ ती थांबेल, मग एक गठ्ठा उचलून रबर सोडेल. तोपर्यंत बाईंनी काही सांगू नये.